तलवार, परवाना आणि सवलतींची यादी

खंडेनवमीच्या दिवशी देशातील असंख्य घरांत जुन्या तलवारी, कट्यारी आणि भाले स्वच्छ करून पाटावर मांडले जातात. त्यांना गंध-फूल वाहिले जाते आणि पूजा आटोपली की ती हत्यारे पुन्हा भिंतीवर अथवा माळ्यावर जातात. यांपैकी कोणती तलवार परवान्याशिवाय बाळगता येते आणि कोणती बाळगणे हा गुन्हा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते पात्याच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असते, घर कोणत्या प्रदेशात आहे यावर अवलंबून असते आणि काही बाबतींत तलवार बाळगणारी व्यक्ती कोणत्या समाजाची आहे यावरही अवलंबून असते.

शस्त्रे बाळगण्यावरील सरकारी निर्बंधांना भारतात विरोध होऊ लागला, त्याला जवळपास दीडशे वर्षे होत आली. या काळात विरोध करणारे बदलत गेले. प्रारंभी काँग्रेसचे नेते होते, नंतर शीख समाज पुढे आला. कोडगूचे जमीनधारक, निरनिराळ्या धार्मिक संघटना आणि बंदुकीचे परवानाधारक यांनीही वेळोवेळी आवाज उठविला. त्यांची कारणे वेगवेगळी होती. तरीही शस्त्र धोकादायक असते, हे यांपैकी फारसे कोणी नाकारले नाही. सरकार कोणावर विश्वास ठेवते आणि कोणावर ठेवत नाही, यावरून भांडण होते. कायद्याच्या परिभाषेत सांगायचे तर सवलतींच्या यादीत कोणाचे नाव आहे, हा त्यातील कळीचा मुद्दा राहिला.

लिटन यांचा कायदा

१८५७ च्या उठावानंतर लोकांकडील हत्यारे काढून घेण्याचे सत्र इंग्रजांनी सुरू केले. त्याला कायमचे स्वरूप आले ते व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ च्या अकराव्या अधिनियमाने. त्याच वर्षी लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही केला होता. दोन्ही कायद्यांविषयी सुशिक्षित भारतीयांत संताप होता. परंतु दोहोंचे भवितव्य निराळे ठरले. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यानंतरही पंधरा वर्षे चालू राहिला.

या कायद्यानुसार शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक करण्यात आला आणि बंदुकीबरोबर तलवार, भाला, सुरा हेही त्याच्या कक्षेत आले. लोकांना अधिक झोंबली ती सवलतींची यादी. युरोपीय आणि युरेशियन व्यक्तींना परवान्याची गरज नव्हती. भारतीयांपैकी मोठे पदवीधारक आणि मानकरी यांना तेवढी सूट होती. याचा अर्थ असा, की एखाद्या मळ्यावरचा युरोपीय नोकर बंदूक घेऊन उघडपणे फिरू शकत होता आणि त्याच गावातील प्रतिष्ठित भारतीय वकिलास आजोबांची तलवार ठेवण्यासाठी अर्ज करावा लागत होता.

१८८७ मध्ये मद्रास येथे मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. त्यात शस्त्र कायद्यासंबंधी जो ठराव संमत झाला, त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. लोक राजनिष्ठ आहेत, कायद्यामुळे त्यांना त्रास सोसावा लागतो आणि देशातील जनतेवर या कायद्याने अकारण कलंक लावला आहे, असा त्याचा आशय होता. त्रासाचा उल्लेख होता, कारण जंगलालगतच्या गावांना रानडुकरे आणि हिंस्र श्वापदांपासून पीक, गुरे आणि माणसे वाचवायची असत. पण ठरावाचा भर कलंकावर होता. सरकारच्या लेखी आपण सारे संशयित आहोत, ही भावना त्यामागे होती. कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात सशस्त्र बंड केले होते. राजनिष्ठेची ग्वाही देणाऱ्या ठरावकर्त्यांपुढे ही अडचण होतीच.

वांशिक भेदाची ही तरतूद पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास झालेल्या नियमबदलात काढण्यात आली. परवान्याची अट मात्र कायम राहिली.

अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी या विरोधात होते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना काढलेल्या पत्रकात त्यांनी, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा आशयाचे मत मांडले होते. आत्मकथेतही त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मीठकर रद्द करण्याच्या मागणीबरोबरच स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची मागणी होती. मात्र हे परवाने लोकनियंत्रणाखाली असावेत, अशी अट त्यांनी स्वतःच घातली होती. परवाना देण्याचा अधिकार कोणाकडे असावा, एवढाच बदल त्यांना हवा होता. गांधीजींना अनिर्बंध शस्त्रस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणून उद्धृत करणारे ही अट बहुधा वगळतात.

घटना समितीने काय ठरविले

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांसंबंधी जो प्रसिद्ध ठराव केला, त्यात ठरलेल्या नियमांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल, असे कलम होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत ते यावे अशी अपेक्षा काहींना असणे स्वाभाविक होते. १९४८ च्या डिसेंबरच्या प्रारंभी घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू असताना मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. त्यांनी कराची ठरावाची आठवण करून दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. कराचीचा ठराव झाला तेव्हा परकीय सरकार भारतीयांना शस्त्रे नाकारत होते, ती परिस्थिती आता उरलेली नाही. शिवाय प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती मारक साधने विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालेल कसा, हे समजत नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्रांचा संबंध त्यामुळे दोनच ठिकाणी येतो. अनुच्छेद १९ नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र. आणि अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण असे सांगते, की कृपाण धारण करणे व ते बाळगणे याचा शीख धर्म आचरण्याच्या हक्कात समावेश आहे असे मानले जाईल. एका ठिकाणी सर्वांसाठी मनाई, दुसऱ्या ठिकाणी एका समाजाच्या एका शस्त्राला संरक्षण. पुढील पंचाहत्तर वर्षांचे बहुतेक वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडले आहेत.

न्यायालयांनीही हाच मार्ग धरला. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात, प्रतिबंधित नसलेली बंदूक बाळगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले गेले होते. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ते मत मान्य केले नाही.

कायदा प्रत्यक्षात कसा चालतो

१८७८ चा कायदा संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्याच्या हेतूने झाला होता, अशी स्पष्ट कबुली संसदेपुढे आलेल्या नव्या विधेयकाच्या उद्देशपत्रात देण्यात आली होती. हे विधेयक १९५९ चा शस्त्र अधिनियम म्हणून संमत झाले आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आले. चाकू, भाले, धनुष्यबाण यांसारख्या वस्तू बंधनांतून मोकळ्या कराव्यात, असाही उद्देश त्यात नमूद होता. त्यानुसार कलम ३ मधील परवान्याची सर्वसाधारण सक्ती अग्निशस्त्रांपुरती ठेवण्यात आली.

असे असताना तलवारीसाठी अटक का होते? त्याचे उत्तर लगतच्या कलमात आहे. एखाद्या प्रदेशातील परिस्थिती पाहता लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास तेथे अग्निशस्त्रांखेरीज इतर शस्त्रांवरही परवान्याचे बंधन घालण्याचा अधिकार कलम ४ ने सरकारला दिला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. म्हणजे पुढच्या दाराने मोकळी केलेली तलवार मागच्या दाराने पुन्हा आत घेण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. अशी अधिसूचना लागू असलेल्या प्रदेशात विनापरवाना तलवार बाळगल्यास कलम २५ खाली एक ते तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांच्या बातम्यांत वारंवार दिसणारे ‘भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५’ हे शब्द म्हणजे हीच जोडी होय.

कोणते पाते धोकादायक, हे नियमांनी मापावर ठरविले आहे. १९६२ च्या नियमांपासून चालत आलेल्या वर्गवारीत पाचवा वर्ग धारदार शस्त्रांचा आहे. तलवारी, गुप्ती, खंजीर, संगिनी, भाले, परशू, सुरे यांची त्यात गणना असून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते ही मर्यादा आहे. कृपाण आणि खुकरी यांची नावेही याच वर्गात, सुऱ्यांच्या पुढे येतात. घरगुती, शेतकी, वैज्ञानिक अथवा औद्योगिक कामासाठी बनविलेली पाती वगळली आहेत. कला आणि खेळ हे शब्द या अपवादात नाहीत, ही बाब कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दांडपट्ट्याचे पाते ९ इंचांहून कितीतरी लांब असते.

मापाचा हा आग्रह न्यायालयात दोन्ही बाजूंनी वापरला जातो. अधिसूचना न्यायालयापुढे सादर झाली नाही, किंवा पंचनाम्यात पात्याचे माप नीट नोंदलेले नव्हते, या कारणास्तव आरोपी सुटल्याची उदाहरणे उच्च न्यायालयांच्या निकालांत आढळतात. उलटपक्षी, मर्यादेपेक्षा लहान हत्यारांसाठी सरकारे स्वतंत्र अधिसूचना काढतात. दिल्लीत १९८० मध्ये काढलेल्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर पात्याचे खटक्याचे चाकूही बंधनाखाली आणले.

याशिवाय राज्यांचे पोलीस कायदे आहेतच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवारी आणि भाल्यांबरोबर साध्या काठीचाही समावेश असतो. हे आदेश सार्वजनिक ठिकाणी शस्त्र घेऊन फिरण्यासंबंधी असतात. घरातील भिंतीवरच्या तलवारीशी त्यांचा संबंध नसतो. सर्वसामान्य नागरिकांच्या मनात या दोन कायद्यांची सरमिसळ होते आणि ती स्वाभाविक आहे.

कृपाणाचा लढा

राज्यघटनेत स्थान मिळालेले कृपाण त्यापूर्वी तुरुंगाच्या वाटेनेही गेले आहे. १६९९ मध्ये आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली. केश, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण हे पाच ककार दीक्षित शिखाने धारण करावयाचे असतात. १८७८ च्या कायद्याच्या दृष्टीने मात्र कृपाण ही परवान्याची वस्तू होती. धर्माची आज्ञा पाळावी तर कायदा मोडतो, अशी कोंडी निर्माण झाली आणि सूट मिळावी म्हणून शीख संस्थांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला. १९१४ मध्ये पंजाबपुरती ही सूट मिळाली आणि पुढील काही वर्षांत इतर प्रांतांतही ती लागू झाली. ते वर्ष महायुद्धाचे होते आणि भारतीय सैन्यात शीख पलटणींचे महत्त्व फार मोठे होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

सूट मिळाली, पण कृपाण म्हणजे नेमके काय, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. गुरुद्वारा सुधारणा चळवळीच्या काळात, १९२० नंतर, अकाली स्वयंसेवक काळी पगडी आणि मोठे कृपाण धारण करून वावरू लागले. हे कृपाण नसून तलवार आहे, असे अधिकारी म्हणू लागले आणि अटकसत्र सुरू झाले. कृपाणाची लांबी सरकारने ठरवावी की धर्माने, हा त्या वेळच्या संघर्षाचा गाभा होता. अखेरीस सरकारला माघार घ्यावी लागली.

लांबीचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही. देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशांना कृपाण नेण्याची मुभा आहे. परंतु पाते १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर यांपेक्षा अधिक असता कामा नये. मार्च २०२२ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने काढलेल्या आदेशात ही मुभा प्रवाशांपुरती ठेवून विमानतळावरील कर्मचाऱ्यांना वगळले होते. शीख संस्थांनी तीव्र हरकत घेतल्यावर काही दिवसांतच ते वाक्य काढण्यात आले. प्रवाशांच्या सवलतीलाच आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली. सवलत अपुरी आहे आणि सवलत अवाजवी आहे, असे दोन्ही आक्षेप एकाच वर्षात एकाच आदेशावर घेतले गेले.

परदेशांतही शीख समाजाला हा प्रश्न सोडवावा लागला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, कपड्यांच्या आत सुरक्षितपणे शिवून ठेवलेले कृपाण शाळेत नेण्यास एका शीख विद्यार्थ्याला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये २०१९ च्या शस्त्रविषयक कायद्यात शिखांच्या धार्मिक कारणासाठीच्या मोठ्या कृपाणांना संरक्षण देणारी तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्रात हा विषय नांदेडमुळे परिचित आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे होळीनंतरच्या हल्लाबोल मिरवणुकीत उघड्या तलवारी असतात आणि एरवी त्यावरून वाद होत नाही. २९ मार्च २०२१ रोजी करोनाच्या निर्बंधांमुळे मिरवणुकीस परवानगी नसताना जमाव बाहेर पडला, तलवारींचे वार झाले आणि पोलीस जखमी झाले. सवलत धर्माचरणासाठी असते. ती हल्ल्यासाठी नसते, हे कायद्याचे म्हणणे अशा प्रसंगीच स्पष्टपणे पुढे येते.

इतरांनी मागितलेली सवलत

शिखांना जे मिळाले ते आम्हाला का नाही, हा प्रश्न न्यायालयात सर्वांत ठळकपणे मांडला तो आनंदमार्ग पंथाने. हाती सुरा, त्रिशूळ आणि मानवी कवटी घेऊन सार्वजनिक मार्गावर तांडव नृत्य करण्यास कोलकाता पोलिसांनी मनाई केली होती. हे नृत्य आमच्या धर्माचा भाग आहे, असा पंथाचा दावा होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पंथाची स्थापना १९५५ ची आणि तांडवाची आज्ञा १९६६ ची. आधीची अकरा वर्षे पंथ तांडवाविना चालला, त्यामुळे मिरवणुकीतील तांडव हा धर्माचा अत्यावश्यक भाग म्हणता येणार नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. तो तर्कदृष्ट्या बळकट दिसतो. पण प्रथा किती जुनी असली म्हणजे तिला संरक्षण मिळावे, याचे माप कोणत्याही अधिनियमात सापडत नाही. पात्याला इंच आहेत, परंपरेला नाहीत.

एप्रिल २००३ मध्ये राजस्थानात त्रिशूळ वाटपाचा प्रश्न पेटला. विश्व हिंदू परिषदेतर्फे त्रिशूळ दीक्षा कार्यक्रम होत होते आणि वाटली जाणारी त्रिशुळे देवळातील त्रिशुळापेक्षा सुऱ्याच्या अधिक जवळची आहेत, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. सरकारने शस्त्र कायद्याखाली अधिसूचना काढून दोन अथवा तीन पात्यांच्या टोकदार हत्यारांच्या वाटपावर व बाळगण्यावर बंदी घातली. परिषदेचे नेते प्रवीण तोगडिया यांनी अजमेर येथे बंदी मोडून त्रिशुळे वाटली आणि त्यांना अटक झाली. त्रिशूळ हे शंकराचे आयुध असून त्यास शस्त्र म्हणणे हाच धर्माचा अवमान आहे, अशी विरोधकांची भूमिका होती. वस्तूचे नाव काय आहे यापेक्षा तिचे टोक काय करू शकते हे पाहणे सरकारचे काम आहे, अशी दुसरी बाजू होती.

रामनवमी आणि मोहरम यांच्या मिरवणुकांतील तलवारींवरूनही असेच खटके उडतात. प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूच्या मिरवणुकीकडे बोट दाखविते. पश्चिम बंगालमध्ये २०१८ मध्ये रामनवमीला शस्त्रे घेऊन मिरवणुकीत सहभागी झाल्याबद्दल राजकीय नेत्यांवर गुन्हे नोंदले गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये हावडा येथील रामनवमी मिरवणुकांना परवानगी देताना कोलकाता उच्च न्यायालयाने धातूची शस्त्रे नेण्यास मनाई केली आणि धार्मिक चिन्हे पीव्हीसीची असावीत, असे सांगितले. आकार टिकवून धार काढून घेण्याचा हा तोडगा व्यवहार्य आहे. ज्यांना केवळ प्रतीक मिरवायचे आहे, त्यांची त्याने अडचण होऊ नये.

महाराष्ट्रातील सभांमध्ये नेत्याला तलवार भेट देण्याची आणि नेत्याने ती म्यानातून उपसून उंचावण्याची रीत आहे. २०२२ मध्ये मुंबई आणि ठाणे परिसरात अशा कृतीबद्दल निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांवर हत्यार कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. तेव्हा ही कारवाई राजकीय सूडबुद्धीची असल्याचा आरोप झाला. पण ज्या पक्षावर कारवाई झाली त्यानेच तो केला, इतरांनी नाही.

पोलिसांची चिंता निराधार नाही. एप्रिल २०२२ मध्येच पिंपरी-चिंचवड पोलिसांनी पंजाबातून कुरिअरने आलेल्या नव्वदहून अधिक तलवारी जप्त केल्या. पूजेसाठी एका घराला एक तलवार पुरते. याउलट पुण्यातील कोयत्याच्या गुन्ह्यांनी वेगळाच पेच निर्माण केला आहे. कोयता हे ऊसतोड कामगाराचे आणि नारळविक्रेत्याचे साधन आहे. शेतकी अवजार म्हणून ते पाचव्या वर्गातून वगळले गेले आहे. २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी कोयता घेणाऱ्याच्या आधार कार्डाची नोंद ठेवण्यास विक्रेत्यांना सांगितले. गुन्हेगाराने वापरले म्हणून अवजारच संशयित ठरावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. वर्षातील सहा-सहा महिने कोयत्यावर पोट भरणाऱ्या मजुराची बाजू मांडणारी संघटना मात्र या चर्चेत क्वचितच दिसते. शस्त्रांच्या हक्काविषयी बोलणारे प्रायः तलवार आणि बंदूक यांविषयी बोलतात.

बंदुकीच्या बाबतीत २०१९ मध्ये संसदेत झालेली चर्चा उद्बोधक होती. एका परवान्यावर तीन अग्निशस्त्रांची मर्यादा एकावर आणण्याचा सरकारचा मूळ प्रस्ताव होता. राजस्थान, पंजाब आदी राज्यांतून, वाडवडिलांच्या बंदुका सरकारजमा कराव्या लागतील, अशी तक्रार आली. अखेर मर्यादा दोनवर ठरली. खेळाडूंना वेगळी सवलत राहिली.

कोडगूची बंदूक

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याचे उदाहरण या सर्वांहून निराळे आहे. येथील सवलतीचा पाया धर्म नसून समाज आणि जमीन हा आहे. १८६१ मध्ये म्हैसूर व कोडगूचे आयुक्त मार्क कबन यांनी कोडगूच्या लोकांना निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळले. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले, हे त्यामागील कारण होते. म्हणजे मद्रासच्या काँग्रेसने ज्या अविश्वासाविरुद्ध ठराव केला, त्याचीच ही दुसरी बाजू होती. संपूर्ण देशावर संशय होता आणि एका डोंगराळ प्रदेशावर विश्वास होता.

कोडव समाजाच्या जीवनात शस्त्राला जे स्थान आहे, ते मात्र इंग्रजांच्या आधीपासूनचे आहे. सप्टेंबरच्या प्रारंभी भातलावणी संपल्यावर कैलपोळ्द हा शस्त्रपूजेचा सण साजरा होतो. पुरुषांच्या पारंपरिक वेशात कमरेला पीचेकत्ती ही कट्यार असते आणि रुंद, बाकदार पात्याची ओडिकत्ती पाठीमागे खोवलेली असते. मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार आणि मृत्यू झाला की दोन बार काढण्याची प्रथा आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या घरांना त्यातून बातमी कळत असे.

स्वतंत्र भारतातही ही सवलत टिकली. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे कोडव वंशाच्या व्यक्तींना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट देत आले आहे. जम्मा ही त्या भागातील वंशपरंपरागत जमीनधारणेची पद्धत असून तिचे धारक कोडवांखेरीज इतर काही समाजांतही आहेत.

या सवलतीला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. वंश आणि जमीन यांच्या आधारे भेद करणारी, परकीय राजवटीने आपल्या सोयीसाठी दिलेली सूट समतेच्या तत्त्वात बसत नाही, असा याचिकाकर्त्याचा आक्षेप होता. तो सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. १८८७ मध्ये युरोपीयांच्या सवलतीविरुद्ध हाच आक्षेप घेतला जात होता. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. कोडव हा लढवय्या परंपरेचा समाज आहे, ही सूट स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आलेली आहे आणि ती अमर्याद नसून ठराविक मुदतीची व अटींच्या अधीन आहे, या गोष्टी न्यायालयाने विचारात घेतल्या.

मुदतीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. पूर्वी काळमर्यादेशिवाय असलेल्या या सवलतीला केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दहा वर्षांची सीमा घातली. त्यानुसार ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत लागू राहील. त्यापुढे ती वाढवावी की नाही, हे पुन्हा एका अधिसूचनेने ठरेल.